वाट्याची नळी

धर्मराजांनी पेपरातलं रेस्टॉरंटांचं पान चौकोनी घडी घालून मुलीसमोर ठेवलं आणि कोपऱ्यातल्या एका जाहिरातीवर बोट टेकवलं.

“इथे फोन कर. उद्या संध्याकाळी पाच. दोघांसाठी.”

हर्षिता परीक्षा संपवून सकाळीच ॲन आर्बरहून घरी आली होती. तिने जाहिरात वाचली आणि मग वडिलांकडे पाहिलं.

“मॉडर्न ब्रिटिश? डॅड, आर यू शुअर? तुम्ही पिझ्झ्याबरोबर पण लोणचं घेता.”

“तुझ्या आईसाठी गं. गेली तर वर्षभर तेच खायचंय तिला तिकडे. आधी चव तर कळू दे.”

“ऑ, दॅट्स सो स्वीट,” म्हणत तिने फोन उचलला.

गोड वगैरे त्यात काही नव्हतं. धर्मराज मेश्रामांचा तो सरळसरळ कट होता, आणि पंचावन्न वर्षांच्या आयुष्यातला बहुधा पहिलाच.

रमाबाईंना लंडनच्या एका विद्यापीठात पब्लिक हेल्थच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. अभ्यासक्रम वर्षाचा होता. हॉस्पिटलने रजा मंजूर केली होती, पोरगी कॉलेजात रमली होती. सोमवारी होकार कळवायचा, एवढंच राहिलं होतं. त्या मात्र नवऱ्याच्या एका शब्दासाठी थांबल्या होत्या, आणि धर्मराज दर वेळी म्हणत होते, “तुझं तू ठरव.” हे वाक्य जिने नवऱ्याच्या तोंडून ऐकलं आहे, तिला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

स्पष्ट नाही म्हणायची त्यांची सोय नव्हती. दर एप्रिलात नोव्हायमधल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जयंती व्हायची, आणि बाबासाहेबांच्या लंडनवरचं भाषण धर्मराजांकडे ठरलेलं. घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, ग्रंथालय उघडायच्या आधीच दारात उभं राहणं, रात्री भूक मारायला भाजलेले पापड. हे सांगताना त्यांचा आवाज असा लागायचा की मागच्या रांगेतली पोरं समोसा हातात धरून थांबायची. खरं तर धर्मराजांनी लंडन पाहिलं होतं ते फक्त विमान बदलताना, विमानतळाच्या काचेतून. तरी त्यांच्या भाषणातलं धुकं अंगाला लागायचं. असा माणूस बायकोला ‘शिकायला जाऊ नकोस’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

तेव्हा जे तोंडाने सांगता येत नव्हतं ते त्यांनी जेवणावर सोपवलं. कंपनीतला विक्रम इंग्लंडच्या प्लँटवर सहा महिने काढून आला होता. “सर, तिकडे सगळं उकडलेलं,” असं त्याने लंचला सांगितलं होतं. “कोबी उकडलेला, बटाटा उकडलेला, माणसंसुद्धा उकडलेली.” धर्मराजांनी ते मनात जपून ठेवलं. रमाबाईंची जीभ नागपूरची. तिखटाच्या डब्याशिवाय त्या कँपिंगलाही जात नसत. एक संध्याकाळ असलं पाणचट जेवण पोटात गेलं की लंडनची हौस आपोआप उतरेल, असा हिशेब होता. हर्षिता फोन कानाला धरूनच ओरडून म्हणाली की हे ‘मॉडर्न’ आहे, तसलं जुनं नाही, पण ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी दुपारभर भुरभुर पाऊस पडून गेला होता. चारच्या सुमाराला ऊन पडलं आणि ओल्या रस्त्यांवरून वाफ निघायला लागली. नोव्हायहून डेट्रॉइटजवळच्याच बर्मिंगहॅमपर्यंतचा नेहमीचाच रस्ता, पण आज गॅस स्टेशनं, बँका, चर्चची टोकं सगळी अर्धी अर्धीच दिसत होती. रस्त्याकडेच्या झाडांना पांढरा मोहोर आलेला आणि त्याखाली जमीनही पांढरी झालेली. रमाबाई काच थोडी खाली करून बसल्या होत्या. त्यांनी बऱ्याच दिवसांनी ती मोरपंखी साडी नेसली होती.

“आपण कुठे चाललोय असं वाटतच नाहीये,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी नुसतं पुढे पुढे ओढतंय.”

धर्मराजांनी गाडीचा वेग जरा कमी केला. त्यांना ते वाक्य आवडलं, आणि आवडलं म्हणून जरा भीतीही वाटली.

रेस्टॉरंट एका जुन्या घरात होतं. उंच खिडक्या, पातळ पांढरे पडदे, प्रत्येक टेबलावर पेल्यात एकच जांभळं फूल. इतक्या लवकर जेवायला फक्त म्हातारे येतात, तसं शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. बाकी सगळं रिकामं. पडद्यांतून येणाऱ्या उजेडात ताटंसुद्धा जागेवरून किंचित उचलली गेल्यासारखी वाटत होती.

“आज ऑर्डर मी करतो,” धर्मराज म्हणाले.

रमाबाईंनी भुवया उंचावल्या. लग्न झाल्यापासून या माणसाने हॉटेलात ‘तू घेशील तेच’ याखेरीज दुसरं काही मागवलं नव्हतं.

धर्मराजांनी मेन्यू वाचला तो परीक्षेच्या पेपरासारखा, फक्त उलटा. त्यांना सगळ्यात वाईट उत्तर हवं होतं. आधी त्यांनी वाटाण्याचं सूप निवडलं, कारण त्याहून उकडलेलं काय असणार? मग त्यांची नजर एका ओळीवर थांबली आणि त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. रोस्टेड बोन मॅरो. रमाबाई वीस वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होत्या. बोन मॅरो हा शब्द त्यांच्यासाठी सुया, सलाईन आणि काचेपलीकडे बसलेल्या नातेवाइकांचा होता. तो ताटात आला तर ही बाई इंग्लंडचं नाव काढणार नाही.

“अँड द बोन मॅरो,” ते वेट्रेसला म्हणाले. “फॉर बोथ.”

रमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सूप आलं. हिरवंगार, वर लोण्याचा थेंब आणि पुदिन्याचं पान. रमाबाईंनी एक चमचा घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

“कसं आहे?” धर्मराजांनी आशेने विचारलं.

“ओल्या वाटाण्याचं आळण असतं ना, आपल्याकडचं? तिखट न घातलेलं. आजारातून उठल्यावर द्यायचे तसलं.” त्यांनी दुसरा चमचा घेतला. “मस्त आहे हो.”

धर्मराजांनी चाखून पाहिलं. मस्तच होतं. विक्रमवर भरवसा ठेवला ही चूकच झाली, असं त्यांना वाटलं. पण मुख्य डाव अजून यायचा होता.

तो एका लाकडी पाटावर आला. चार हाडं उभी करून ठेवलेली, आडवी कापलेली, वरून करपलेली. मधल्या पोकळीत काहीतरी थरथरत होतं. बाजूला भाजलेला पाव, मीठ, कोथिंबिरीसारखा चिरलेला पाला. पाट टेबलावर टेकला आणि वास आला.

वेट्रेस ‘एन्जॉय’ म्हणून गेली.

“अहो,” रमाबाई अगदी हळू म्हणाल्या, “या तर नळ्या.”

त्या वासाने धर्मराजांना कधीच उचलून नेलं होतं. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या एका खोलीत रविवारची दुपार होती, चुलीचा धूर कौलांतून निघायचं नाव घेत नव्हता, आणि आई पातेल्यात डाव घालून तळाशी काहीतरी शोधत होती. लोक जे घेत नसत ते त्यांच्या घरी यायचं, आणि आई त्याचं असं काही करायची की गल्लीतली पोरं उगाचच दारावरून फेऱ्या मारायची. तीच नळी इथे पांढऱ्या टेबलक्लॉथवर येऊन उभी होती. आईला हे सांगायला हवं होतं. ती हसून हसून पदर तोंडात धरून बसली असती.

त्यांनी मान वर केली तेव्हा रमाबाईंनी लांब दांड्याचा चमचा बाजूला सारला होता. त्यांनी हाड नॅपकिनमध्ये धरलं, उलटं केलं आणि ताटावर ठोकलं. ठक्. शेजारच्या म्हातारीने वळून पाहिलं. रमाबाईंनी आणखी एकदा ठोकलं, निघालेला मगज पावावर घेतला, वर मीठ टाकलं आणि उरलेलं सरळ तोंड लावून ओढलं. म्हातारी नवऱ्याच्या कानाशी लागली आणि दोघंही मेन्यूत काहीतरी शोधायला लागली.

“आईंच्या हातची वेगळी,” रमाबाई बोटं पुसत म्हणाल्या. “पण ही पण चांगली आहे.”

“तुला नळी आवडते? आपल्या घरी तर कधी घेत नाहीस.”

“इकडे तुम्ही आहात ना. तुमची म्हणून तुम्हाला वाढते.” त्यांनी रिकामं हाड ताटात ठेवलं. “तुम्ही इकडे शिकायला आलात ना, तेव्हा आई माझ्या ताटात घालायच्या. दर रविवारी. म्हणायच्या, धरमचा वाटा आहे, तो येईपर्यंत तू खा.”

लग्नानंतर महिनाभरात धर्मराज अमेरिकेला आले होते. रमाबाई तीन वर्षांनी आल्या. ती तीन वर्षं धर्मराजांनी कितीतरी वेळा सांगितली होती, जेवणाच्या टेबलावर, पोरीला, पाहुण्यांना. डेट्रॉइटचं बर्फ, एकच कोट, लॅबमध्ये काढलेल्या रात्री. त्या सगळ्या वर्षांत नागपूरला रविवार येत होते हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

“तू हे कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “पहिल्या रविवारी घशाखाली उतरली नाही. मोरीत जाऊन रडले. मग हळूहळू उतरायला लागली. मग तर मी रविवारची वाट बघायला लागले, आणि वाईट वाटायचं बाप्पा, की नवऱ्याची वाट बघायची सोडून ही नळीची बघतेय.”

धर्मराज हसले. हसता हसता त्यांना हसता येईना.

“तुमच्या भाषणात,” रमाबाई पावाचे कण बोटाने गोळा करत म्हणाल्या, “लंडन संपता संपत नाही. आणि रमाई एका वाक्यात उरकते. ‘तिच्या त्यागामुळे हे शक्य झालं.’ असं म्हणता आणि पाणी पिता.”

“रमा…”

“आणि हे बोन मॅरो कशाला मागवलंत ते कळलं मला. मी नर्स आहे. पेशंट गालात गोळी धरून बसला तर मला दारातून कळतं.”

धर्मराजांनी नॅपकिनची घडी केली, मोडली, परत केली. पडद्यांतला उजेड आता पिवळा झाला होता. इतकी वर्षं माइकवरून बोलणारा माणूस, पण आता घसा साफ करूनही आवाज लहानच निघाला.

“मला भीती वाटते.”

“कशाची?”

“घराची. संध्याकाळी गॅरेजचं दार उघडायचं, आत जायचं, आणि आत कुणीच नाही. मला ते जमायचं नाही असं वाटतं. तू जाऊ नये असं नाही गं. तू जावंस. पण मला फार भीती वाटते.”

“मग हे सांगायचं ना,” रमाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “मी एवढे दिवस ह्याचसाठी थांबले होते. तुम्ही हो म्हणा म्हणून नाही.”

त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि धर्मराजांच्या हातावर ठेवला. मगजाने तो हात अजून चिकट होता.

“मलाही वाटायची. आई शेजारी झोपायच्या, तरी वाटायची,” त्या म्हणाल्या. मग अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, “बघाल का माझी वाट?”

धर्मराज खिडकीकडे बघत राहिले. बाहेर धुकं पुन्हा दाटून आलं होतं आणि समोरचा रस्ता कुठलाही असू शकला असता. त्यांना त्यांचं लंडन दिसलं, भाषणातलं, एकदाही न पाहिलेलं. ओले दगड, ग्रंथालयाच्या रुंद पायऱ्या. इतक्या वर्षांत त्या पायऱ्यांवर त्यांनी एकाच माणसाला चढताना पाहिलं होतं. आज मोरपंखी साडीवर जाडजूड कोट घातलेली एक बाई पुस्तकं छातीशी धरून चढत होती. तिला घाई होती. ती मागे वळून बघत नव्हती, आणि तिने बघू नये असंच त्यांना वाटलं. आपण तिथे कुठे उभे आहोत ते त्यांनी शोधलं. ते तिथे नव्हतेच. ते नोव्हायला होते, किचनमध्ये, दिवा लावून.

एव्हाना पाटावर एकच नळी उरली होती, रमाबाईंच्या बाजूची. त्यांनी ती चिमट्याने उचलली आणि नवऱ्याच्या ताटात ठेवली.

“ही घ्या,” त्या म्हणाल्या. “माझा वाटा आहे. मी येईपर्यंत तुम्ही खा.”

धर्मराजांनी नळी नॅपकिनमध्ये धरली, उलटी केली आणि ताटावर ठोकली. हळूच ठोकली म्हणून काहीच निघालं नाही. त्यांनी ती पुन्हा उचलली आणि या वेळी जरा जोरात ठोकली.