हे होते तसं

सासरे मी पाहिलेच नाहीत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांचा फोटो भिंतीवर लागून वर्ष होऊन गेलं होतं. त्यांची माझी ओळख झाली ती त्यांच्या टेबलामुळे, आणि खरं सांगायचं तर त्या टेबलाचं आणि माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

सासरे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने त्यांना त्यांचं टेबल देऊन टाकलं आणि मग ते घरीच काम करू लागले. उतरत्या फळीचं, जुन्या सागवानाचं ते धूड मधल्या खोलीची अर्धी जागा अडवून बसलं होतं. केर काढताना माझी करंगळी त्याच्या पायावर हमखास आपटायची. फळीवर दोन खळगे होते, आत हात फिरवला तर गुळगुळीत लागायचे. सासऱ्यांची कोपरं तिथे टेकायची. टेकून टेकून लाकूड झिजलं होतं.

समोरच्या बाजूला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बसायच्या. हाताने लिहिलेला मूळ मजकूर त्या मोठ्याने वाचायच्या, विरामचिन्हांसकट, आणि सासरे छापलेल्या कागदावर नजर ठेवायचे. चूक सापडली की ते तोंडाने काही बोलत नसत. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने फळीवर एकदा टक करत. टक झालं की आईंनी थांबायचं आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायची. त्यांचा संसारही बहुधा असाच झाला असावा, कारण सासऱ्यांचा आवाज कसा होता हे नातेवाइकांना विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

ते गेले तरी आईंचं वाचन थांबलं नव्हतं. रोज दुपारी जेवण झालं की त्या आपल्या खुर्चीत बसायच्या, भिंगाची काच हातात घ्यायच्या आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. "आज सकाळी स्वल्पविराम शहराच्या उत्तर भागात पाणी आले नाही पूर्णविराम." मी स्वयंपाकघरात भांडी आवरत असायची. पहिले काही महिने मला हसू यायचं. मग एकदा टक झालं.

आई थांबल्या आणि त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मी हात पुसत बाहेर आले. खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, किडा आहे लाकडात. जुन्या सागवानाला लागतो. भुसा नाही का पडत खाली?" भुसा पडायचा, खरं आहे. तो मीच झाडायची.

पण मला स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी टक झाल्यावर मी आईंच्या हातातलं वर्तमानपत्र घेऊन ती ओळ पाहिली. 'जागतिक आरोग्य दिन' असं हवं होतं, 'दीन' छापलं होतं. वाचून दाखवताना दोन्ही सारखंच ऐकू येतं, आणि आईंना भिंगातूनही ऱ्हस्व-दीर्घ दिसत नव्हतं. मी वर्तमानपत्र परत दिलं.

"सापडली?" आईंनी विचारलं.

"सापडली."

"यांच्या नजरेतून सुटायची नाही," त्या म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या.

त्यानंतर मी त्या खोलीत दुपारी एकटी गेले नाही. भीती वाटायची, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण आईंकडे बघितलं की वाटायचं, या घरात सगळ्यात सुखी बाई हीच आहे. त्यांचं दुपारचं जेवण वेळेवर व्हायचं, गोळ्या त्या न सांगता घ्यायच्या, केस नीट विंचरून बसायच्या. त्यांची वाट बघणारं कोणीतरी होतं.

मग टेबलाचा एक पाय डुगडुगू लागला आणि माझ्या नवऱ्याला आईची काळजी सुचली. म्हणे, टेबल एखाद्या दिवशी अंगावर पडायचं, किडा बाकीच्या लाकडाला लागायचा. त्याने पॉलिशवाल्याला घरी बोलावलं. नवऱ्याचा हेतू चांगलाच होता. या घरातली बहुतेक नुकसानं चांगल्या हेतूनेच झाली आहेत.

पॉलिशवाला सज्जन माणूस. त्याने पाय हलवून पाहिला, फळीवर टिचकी मारली आणि आईंना अदबीने विचारलं, "मावशी, कसं करून हवंय?"

आईंनी नुकतीच कवळी काढून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "हे होते तसंच हवं."

"बिनघोर राहा मावशी. होतं तसंच करून देतो. ओळखू यायचं नाही."

आईंचं समाधान झालं, त्याचंही झालं. दोन माणसं टेबल घेऊन जिना उतरली. मी तिथेच उभी होते, माझ्या कानांनी ऐकत होते, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

टेबल परत आलं तेव्हा खोलीला स्पिरिटचा वास सुटला. पाय घट्ट झाला होता. किड्याच्या भोकांत औषध सोडून ती बुजवली होती. फळी अशी चकचकीत, की त्यात खिडकी दिसत होती. पॉलिशवाला कौतुकाची वाट बघत बाजूला उभा राहिला. आईंनी फळीवर दोन्ही हात ठेवले, पुढे सरकवले, मागे आणले, परत पुढे नेले.

"हे कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

"हे काय, इथंच तर आहे, मावशी," पॉलिशवाला म्हणाला. "दोन मोठे खड्डे होते बघा. रंधा मारून सपाट केलं. नवीन असताना होतं अगदी तसं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर नवऱ्याचं नाव न घेणारी बाई 'हे' म्हणते तेव्हा कुणाबद्दल बोलते, हे मला तरी कळायला हवं होतं. आई म्हणाल्या होत्या 'हे होते तसं', म्हणजे हे असताना जसं होतं तसं. त्याने ऐकलं 'हे होतं तसं'. मात्रेच्या जागी अनुस्वार. सासरे तिथे असते तर टक केलं असतं.

त्या दुपारपासून टक बंद झालं. आई वाचत होत्या आणि त्यांना कोणी थांबवत नव्हतं. पान संपलं, वर्तमानपत्र संपलं, तरी त्या थांबेनात. पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करायच्या. जेवायला हाक मारली तर म्हणायच्या, "एवढं होऊ दे." संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. नवरा म्हणाला, लाकूड बसायला वेळ लागेल, मग आईही रुळेल. मी म्हटलं, लाकूड बसेल रे, ती उठणार कधी?

आणि मग एक दिवस आईंनी वाचलं, "पालिकेने मुख्य रस्ता खाल्ला पूर्णविराम." मी तवा उतरवता उतरवता थांबले. थोड्या वेळाने, "आगीत सुदैवाने सर्व जण दगावले पूर्णविराम." त्या मुद्दाम चुकत होत्या. चूक करायच्या, थांबायच्या, मान पुढे काढून कानोसा घ्यायच्या, आणि काही होत नाही म्हटल्यावर त्याहून मोठी चूक करायच्या. मला तिथे ओट्यापाशी रडू आलं. ज्या बाईने जन्मभर एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, ती नवऱ्याने टोकावं म्हणून वाटेल ते वाचत होती.

दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल घेतली. चपला बाहेर ठेवल्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि टेबलाच्या पलीकडे, सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसले. घरच्या सुनेने दिवसाढवळ्या टेबलाआड दबा धरून बसावं, याला काय म्हणायचं ते म्हणा. आईंनी वाचलं, "शाळेचे मुख्याध्यापक विहिरीत निवडून आले." मी फळीच्या कडेवर टक केलं.

आई थांबल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांनी वर्तमानपत्र सरळ केल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी ओळ पहिल्यापासून वाचली, बरोबर वाचली, "बिनविरोध निवडून आले पूर्णविराम." आणि त्या दिवशी पान संपल्यावर त्या आपणहून उठल्या आणि पोटभर जेवल्या.

मग ते माझं कामच झालं. रोज दुपारी मी तिथे जाऊन बसायची. फसवणूक होती, मला कळत होतं. पण आईंच्या ताटात काही उरत नव्हतं, आणि मला तेवढं पुरेसं होतं. मुद्दाम केलेल्या चुका हळूहळू थांबल्या. आता खऱ्या चुका ऐकायच्या होत्या, आणि माझं व्याकरण बेताचं. मी जीव मुठीत धरून बसायची.

त्या दिवशी आई वाचत होत्या, "अनावृष्टीमुळे स्वल्पविराम धरणातील साठा..." मला वाटलं, 'अतिवृष्टी' हवं. मी टक केलं.

आई थांबल्या. ओळ पुन्हा वाचली नाही. मग शांतपणे म्हणाल्या, "इथे चूक नव्हती."

मी श्वाससुद्धा घेतला नाही. सगळं संपलं, आता त्या उठतील, वाकून बघतील आणि त्यांना खुर्चीच्या पायाशी मी दिसेन, पेन्सिल धरलेली. त्यांचा उरलासुरला नवरा मी माझ्या हाताने पुसून टाकला होता.

तेवढ्यात टक झालं.

माझी पेन्सिल माझ्या मांडीवर होती. आवाज माझ्या डोक्यावर झाला होता, फळीच्या मधोमध, जिथे रंधा मारला होता तिथे. कोरडा, एकदाच, चूक झाल्याचा.

मी वर पाहिलं नाही. पाहवलं नाही. आईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, आणि जवळजवळ हसऱ्या आवाजात त्या समोरच्या खुर्चीला म्हणाल्या, "अहो, रागावू नका. सून आहे आपली. नवीन आहे, शिकेल."