जिनिंगमधली भट्टी

दिग्रसच्या पेठेतली ही कापसाची सरकी काढायची दगडी जिनिंग इंग्रजांच्या काळातली. कापसाला कोणी विचारेनासं झालं आणि तिला कुलूप लागलं. मी पुण्यात सहा वर्षं इटालियन हॉटेलात राबून परत आले आणि म्हटलं, इथेच पिझ्झा खिलवायचा. गावानं वेड्यात काढलं. मालक देवीलालशेठ तेवढे म्हणाले, "मैत्रेयी, रविवारी माह्या घरचे बारा जण जेवाले येतीन. खूश होऊन उठले तर जागा तुही. नाही तर मोबाइलवाल्याले देतो."

रविवारी सकाळी मी आवारातली विटांची नवी भट्टी पेटवली आणि टेबलं मांडायला आत गेले. बाहेर येते तो भट्टीतून वाफा निघतायत, कमानीला हातभर चीर पडलेली आणि शेजारी रिकामी बादली घेऊन सेवादासकाका धापा टाकतायत.

काका इथले चौकीदार. ठिणगी पडली तर सगळा कापूस जाईल, म्हणून चाळीस वर्षं त्यांनी फाटकातून काडेपेटी आत जाऊ दिली नाही. व्यापाऱ्यांच्या बिड्यासुद्धा काढून घेत. भट्टीचं मी त्यांना चारदा सांगितलं होतं.

"काका, हे काय केलं?"

"धुपट दिसलं अन् हात चालले ना बाई. डोकं मागून आलं."

मी तोंडाला येईल ते बोलले. म्हातारा गुमान ऐकून घेत होता, त्याची मला जास्तच चीड आली. मग रडूही आलं.

काका सायकल घेऊन गेले. अर्ध्या तासानं गोवऱ्यांचं पोतं आणि पळसाची पानं लादून हजर. "तांड्यात पंगतीचे रोडगे गोवऱ्यांवर मीच भाजतो," म्हणाले. "तुही रोटी किती जाड राह्यते, दाखव."

आवाराच्या मधोमध त्यांनी गोवऱ्या रचल्या. मी काडेपेटी पुढे केली. ती त्यांनी बराच वेळ नुसतीच हातात धरली. मग उकिडवे बसले आणि काडी ओढली.

निखारे झाल्यावर रोट्या पानांत भाजल्या, वर टोमॅटो-चीज पसरलं, घमेलं पालथं घालून त्यावरही निखारे ठेवले. माझ्या पुण्याच्या शेफनं हे पाहिलं असतं तर अन्न सोडलं असतं. वास मात्र झकास सुटला होता.

तेवढ्यात शेठ घरच्यांना घेऊन आले आणि फाटकातच थबकले.

"जिनिंगमधी जाळ? कोणं लावला?"

मी तोंड उघडलं, पण काका पुढे झाले. "मी लावला, मालक."

शेठ त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू लावला म्हणजे जिनिंग आता खरंच बंद झाली, सेवादास."

मग शेठनी चपला काढल्या. "बसा रे सारे. भूक लागली."

बारा जणांनी अठरा पिझ्झे उडवले, वर ठेचाही मागितला. हात धुताना शेठ काकांना म्हणाले, "जागा पोरीले दिली. आतापासून हा जाळ विझू द्यायचा नाही, ते तुह्याकडे."

"मंग गोवऱ्या लय लागतीन, मालक," काका म्हणाले.