रंगाखालचं निपल

वाटाण्याएवढं काळं टेंगूळ, पुढच्या चाकामागे, स्टिअरिंगच्या सांध्यावर... नखाने खरवडलं तर रंगाची एक खपली निघाली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली आणखी एक. किती वर्षांचे थर, देव जाणे. निपल म्हणतात याला, ग्रीस आत जायचं तोंड. आणि तोंडालाच रंग फासलेला!

लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेल्या गाडीखाली अर्धी शिरलेली ती, चौसष्टाव्या वर्षी, एकटीच खदखदून हसली. हा रंग ह्यांचा. गंज चढू नये म्हणून दरवर्षी गाडीच्या पोटाला ब्रशने काळा हात, न कंटाळता. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रीसगन — गन लावायची, दांडा दाबायचा, बाजूने बाहेर येणारं ग्रीस नीट पुसायचं, आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण. तिचं काम एवढंच की शेजारी उभं राहायचं. "फडकं दे." एकोणतीस वर्षं तिने फडकं दिलं. आणि कधीमधी गाडी चालवायला मिळाली, वळणावर स्टिअरिंग जड गेलं, की ठरलेलं वाक्य — तुझ्या मनगटात जोर नाही.

तिने ते खरं मानलं, हेच तर झोंबत होतं. हे गेल्यावर दोन वर्षं ती दातओठ खाऊन गाडी वळवत राहिली, डॉक्टरला मनगट दाखवून आली, पट्टा बांधला. मुलगा म्हणाला, "आई, आता तुला झेपत नाही. शनिवारी बारा वाजता माणूस येईल गाडी न्यायला." ती भाजी निवडत राहिली. का नाही अडवलं मी त्याला? भाजी निवडत होते म्हणून? काल मात्र पाय आपसूक गॅरेजकडे वळले. मेस्त्रीने चाक इकडेतिकडे वळवून पाहिलं.

"मनगटाचं काय घेऊन बसलात, बाई? सांधे सुकलेत हिचे."

"अहो, हे तर दर महिन्याला ग्रीस मारायचे."

"मारत होते हो. जात कुठे होतं?"

त्याने कागदाच्या पुडीत चार नवी निपलं दिली, आणि स्वतः येतो म्हणाला. ती नको म्हणाली.

पाना लावून तिने जुनं निपल सोडवलं. आतली, ग्रीसला वाट देणारी बारीक गोळी जागची हलत नव्हती, टाचणीनेसुद्धा नाही. भोकात तार फिरवली, नवं निपल बसवलं, गन लावली, दांडा दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. मनगटातून कळ गेली — खरंच माझंच मनगट... छट्! दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून, जणू कुणाच्या तरी बखोटीला धरलंय असा तिने दांडा खेचला. आणि दांडा खाली गेला. सांध्याच्या दुसऱ्या टोकाने काळाकुट्ट, कोरडा, वाळूसारखा गाळ बाहेर येऊ लागला, मग तपकिरी, मग स्वच्छ पिवळं ग्रीस. पाहता पाहता तिला राग आला, चांगला सणसणीत. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

फाटक वाजलं. गाडीच्या कडेखालून मुलाचे बूट दिसले, त्यांच्यामागे आणखी एक जोडी.

"आई? अगं, काय चाललंय हे! बाहेर ये, माणूस आलाय."

"अजून तीन राहिलीत."

"कसली तीन?"

ग्रीसने माखलेला हात तिने गाडीखालून बाहेर काढला, तळवा वर करून धरला.

"फडकं दे."

अगदी ह्यांच्याच आवाजात निघालं ते. तिच्या लक्षात आलं, क्षणभर ती चपापली, पण हात मागे घेतला नाही. बूट घुटमळले. असू दे, दोन मिनिटं थांबू दे त्यालाही... आत राहिलेल्या, पट्टा बांधलेल्या मनगटाला घाम आला होता. दातांनी तिने तो पट्टा सोडला आणि त्याच हाताने पुडीतलं दुसरं निपल चाचपू लागली.