माझ्या पाठीवरची खोली

मित्रांनो, पटकन ऐका, मला फार वेळ उभं राहवत नाही. मी एक जुनी पिकअप आहे, भिलाईची. एक आरसा फुटलेला, हॉर्न घोगरा, पण इंजिन अजून ठणठणीत. ऐन उमेदीत मी हथखोजच्या कारखान्यांतून नटबोल्टांची पोती वाहिली. भिलाई-३, दुर्ग, रायपूर आणि परत हथखोज. दम म्हणून खाल्ला नाही.

मग मला चिंधूजींनी घेतलं. मूळचे गोंदियाकडचे, स्टील प्लांटमध्ये जाड पोलादी पत्रे लाटणाऱ्या प्लेट मिलमधून निवृत्त झालेले. त्यांनी मला नेहरू नगरात आपल्या घरासमोर उभं केलं आणि मी उभीच राहिले! चाकांखाली गवत उगवलं, कुत्री सावलीला येऊन झोपू लागली. हायवेवरून ट्रक गेला की माझा जीव नुसता तळमळायचा. अहो, मग घेतलंत कशाला मला?

घेतलं होतं गयाबाईंसाठी, म्हणजे चिंधूजींच्या पत्नीसाठी. त्यांना अमरकंटकला नर्मदेचा उगम पाहायचा होता. नवऱ्याची शिफ्ट ड्युटी संपेपर्यंत ते राहून गेलं, आणि ती संपली तेव्हा घरचा सगळा भार एकटीनं ओढून बाईंची पाठ कामातून गेली होती. जरा वेळ बसलं की कळ यायची, त्यामुळे बसनं जाणं शक्यच नव्हतं. म्हणून चिंधूजींनी ठरवलं की माझ्या पाठीवर झोपायची एक छोटी खोली बसवायची. कॅम्पर म्हणतात तिला.

पण माणूस प्लेट मिलचा! कोणतीही वस्तू घेताना बोटांनी ठोकून पाहायची त्यांना सवय. आवाज भारी आला तर माल चांगला. हथखोजला पंजाबरावांचं वर्कशॉप आहे. पंजाबरावांनी त्यांना ॲल्युमिनियमची चौकट आणि आत फोम भरलेले हलके पॅनेल दाखवले. चिंधूजींनी ठोकलं. ठप ठप.

"हा तं बिस्किटाचा डबा हाय हो पंजाबराव! जिंदगीभर पोलाद बनवलं, अन बायकोले डब्यात झोपवू? जाड प्लेट लावा."

"गाडीले झेपन का भाऊ?"

"लोखंडाले लोखंड झेपते. लावा तुमी."

झालं! जाड प्लेटच्या भिंती, लोखंडी पलंग, वर लोखंडी शिडी. विश्वकर्मा पूजेला भिलाईत जो तो आपापल्या यंत्राला हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी माझीही पूजा झाली, पुढ्यात नारळ फुटला. प्लांटमधले जुने सोबती आले, प्रत्येक जण भिंत ठोकून "वा, मजबूत!" म्हणाला. स्तुती कुणाला आवडत नाही? पण माझे मागचे पाटे, म्हणजे ओझं तोलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, पार सपाट झाले होते आणि पुढची चाकं नावापुरती रस्त्याला टेकली होती. मला ओरडून सांगायचं होतं, आणि जवळ होता फक्त तो घोगरा हॉर्न.

गयाबाईंना पलंगावर झोपवून आम्ही एक चक्कर मारायला निघालो. उड्डाणपुलाच्या चढावर मला धाप लागली आणि मी बसलेच. मागून हॉर्नांचा नुसता कालवा.

"बेकार गाडी निघाली," चिंधूजी घाम पुसत म्हणाले. "देऊन टाकतो भंगारात. जाणं रद्द!"

भंगार! आणि बाईंची नर्मदा? तीही माझ्यासोबत भंगारात निघाली होती.

गयाबाई कमरेवर हात ठेवून खाली उतरल्या. माझे दबलेले पाटे त्यांनी नीट पाहिले.

"बेकार कावून म्हणता तिले? तिची पाठ दबून राहिली. मले समजते ते, तुमाले नाही समजत."

दुसऱ्या दिवशी मला वर्कशॉपमध्ये नेलं, तेव्हा त्या स्वतः सोबत आल्या. तो नाकारलेला पॅनेल त्यांनी दोन्ही हातांनी सहज उचलला. मग लोखंडी पलंगाला हात घातला, तो जागचा हलला नाही.

"हे पाहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जे माझ्या पाठीनं उचलल्या जाते, तेच तिच्या पाठीवर लावा. बाकी सारं काढा."

प्लेट गेली, पलंग गेला, शिडी गेली. हलके पॅनेल बसले आणि आत सुती पट्ट्यांनी विणलेली नवारीची खाट आली. चिंधूजींनी गुपचूप एकदा ठोकलं. ठप ठप. तोंड वाकडं केलं, पण चावी हातात घेतली.

आणि आम्ही निघालो! बिलासपूर मागे पडलं, सालवृक्षांचं जंगल लागलं, मग घाट. चढले हो मी, न थांबता चढले! बाई मागे आडव्या पडून खिडकीतून झाडं बघत होत्या.

अमरकंटकला उतरल्यावर त्या आधी माझ्याकडे आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुही पाठ दुखते का वं?"

इतकी वर्षं ओझी वाहिली, पण असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला भरून आलं. चिंधूजी शेजारीच उभे होते. मग हळूच म्हणाले, "अन तुही पाठ वं, गया?"

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"आता इचारून राहिले," म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. चिंधूजींनी त्यांचा हात धरला आणि दोघं नर्मदेच्या उगमाच्या कुंडाकडे गेले.

मी इथे उभी आहे, पुन्हा कधी निघतो असं झालंय मला. तेवढ्यात एक सांगते. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी मुकाट ओझं वाहत असेल, गाडी असेल नाहीतर माणूस. किती मजबूत आहे ते ठोकून पाहू नका. दुखतं का, ते विचारा. आणि लवकर विचारा. चिंधूजींनी विचारेपर्यंत त्यांची सगळी नोकरी सरून गेली होती.