मावशीचं फडकं

विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाचा दिवस जवळ आला की विद्यापीठात दोन माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसे. एक सुतारकाका, कारण तक्ते लावायच्या चौकटी त्यांच्याकडे. दुसरी त्यांची बायको, चहाच्या खोलीतली मावशी. मावशी चौथी शिकलेली. तरी कुणाचं संशोधन असो की कुणाच्या कविता, आधी तिला ऐकवायचं, अशी रीतच पडली होती. पोरं बोलत, ती कप पुसत ऐके. फडकं फिरतंय तोवर ठीक. थांबलं, की मावशीला उमगलं नाही. दोन वाक्यं मागे जायचं आणि पुन्हा सांगायचं.

"तुला त्यातलं काय कळतं गं?" काका घरी चिडवत.

"कुठे कळत नाही, ते कळतं," ती म्हणे. "तुमचं बोलणं तीस वर्षं ऐकतेय, फडकं हलेल तर शपथ!"

थंडी संपता संपता मावशी गेली. यंदा काकांनी चौकटी केल्या, पण सभागृहात उभ्या करायला दुसऱ्यांना पाठवलं. सादरीकरणाला पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तिची असे. ती रिकामी बघवली नसती.

सादरीकरणाच्या सकाळी त्यांच्या कामाच्या खोलीच्या दारात पुटपुटी येऊन उभी राहिली. हे नाव मावशीनंच ठेवलेलं, कारण पोरगी बोलायची ती स्वतःच्या हनुवटीशी. मागच्या वर्षी चार वाक्यांत तिची बोबडी वळली आणि ती रडत खाली उतरली होती. हे तिचं शेवटचं वर्ष.

"काका, अकराला माझं मुंग्यांवरचं सादरीकरण आहे. तुम्ही येऊन बसाल?"

"मला रंधा कळतो, पोरी. तुझ्या मुंग्या नाही कळत."

"मावशीला तरी कुठे कळायच्या?"

"तिची गोष्ट वेगळी."

"मागच्या वेळी पाहुण्यांच्या चहामुळे तिला येता आलं नाही. म्हणाली होती, पुढच्या वर्षी समोर बसते, बघू कशी तोंड मिटतेस."

काका खाली मान घालून रंधा मारत राहिले. ती निघून गेली.

अकराला दहा कमी असताना काका चहाच्या खोलीत गेले. दारामागच्या खिळ्याला तिचं फडकं तसंच होतं, वाळून कडक झालेलं. त्यांनी ते काढलं, फळीवरचा एक कप उचलला आणि अंगावरचा भुसा न झटकताच सभागृहात जाऊन कडेच्या खुर्चीवर बसले. शेजारचे प्राध्यापक कपाकडे बघत राहिले. काका पुसू लागले.

पुटपुटीनं सुरुवात केली ती पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी. तिसऱ्या वाक्याला काकांना खरंच काही कळेना. फडकं थांबलं. तिनं ते पाहिलं, मागे गेली आणि सावकाश पुन्हा सांगितलं. फडकं फिरू लागलं. मुंग्या वासाच्या वाटेनं कशा जातात, वाट पुसली की काय करतात, हे काकांना अगदी लख्ख दिसायला लागलं. आणखी एकदा फडकं थांबलं, एकदा परीक्षक हसले, आणि पोरीची हनुवटी केव्हा वर आली ते तिलाही कळलं नाही.

"हे मला पहिल्यांदा चहाच्या खोलीत दिसलं," ती शेवटाकडे येत म्हणाली. "साखरेच्या डब्याला मुंग्या लागायच्या. मावशी त्यांना मारायची नाही. ओल्या फडक्यानं नुसती वाट पुसायची आणि म्हणायची, जा गं बायांनो, आपापल्या घरी जा."

काकांचा हात थांबला.

पुटपुटीनं पाहिलं. रीत ती रीत. ती दोन वाक्यं मागे गेली.

"मावशी त्यांना मारायची नाही," तिनं पुन्हा, आणखी सावकाश सांगितलं. "ओल्या फडक्यानं नुसती वाट पुसायची. म्हणायची, जा गं बायांनो, आपापल्या घरी जा."

काकांना ते पहिल्याच वेळी कळलं होतं. पण त्यांनी फडकं हलवलं नाही. पोरीनं त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि सबंध सभागृहासमोर तिसऱ्यांदा सांगायला घेतलं.