नव्या नावाचा डबा

"हे काय नवीन, थानकाकू? डब्यावर आपली अक्षरं?" फंग आजींनी दुधाच्या पावडरीचा डबा मेलेला उंदीर पाहावा तसा लांबूनच पाहिला.

"कंपनी तीच, दूध तेच. परदेशी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून चिनी ठेवलंय. आन्-पाओ. सुखरूप रत्न."

"इतकं गोड? गोड बोलणारा जावई आणि गोड नावाचा माल, दोन्ही आधी उन्हात धरून बघावेत."

काकू हसल्या. अक्षर वाचता येत नव्हतं तोवर अख्खी आळी डोळे मिटून डबे नेत होती. वाचता आलं आणि भरवसा उडाला; देशी पावडरीतल्या भेसळीनं बाळं आजारी पडल्याचं कुणी विसरलं नव्हतं. गिऱ्हाइकांना तरी काय बोलणार? त्या स्वतः दुसऱ्या दुकानातलं अंडंसुद्धा कानाशी हलवून घेत. पण दुधाची फळी अडली तर दुकानाला टाळंच.

त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "माझा ताओताओ हेच पितो. नातवाला वाईट पाजीन का मी?"

डबा आजींच्या पिशवीत गेला.

त्या संध्याकाळी सून सूवन न्हाणीत होती, बाळ रडायला लागलं. बाटली करायला काकूंनी घरातला आन्-पाओ उघडला. पावडर पिवळसर. दुकानातली तर पांढरीफेक! त्यांनी कपाट उघडलं. दुपट्यांमागे निव्वळ परदेशी अक्षरांचे रिकामे डबे. शेजारी काकूंनी दिलेले आन्-पाओ, बहुतेक सगळे सीलबंदच.

सूवन ओल्या केसांनी दारात उभी होती. "मावसबहीण परदेशातून पाठवते, आई. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तुमच्या डब्यात ओतत होते."

"माझाच संशय घेतेस?"

"तुमचा नाही हो. पण बाळाच्या बाबतीत कुणाचाच भरवसा वाटत नाही."

काकूंनी त्याच पिवळसर पावडरीचं दूध केलं, थेंब मनगटावर टाकून पाहिला, बाटली बाळाच्या तोंडाला लावली. "झाकण घट्ट लावत जा. दमट हवेत गोळे होतात."

सकाळी फंग आजी हजर. काखेत कालचा डबा, सोबत शेजारीण. "सांगा हिला, तुमचा नातू काय पितो ते."

काकूंनी फळीवरचा एक आन्-पाओ काढला, सील तोडलं, थर्मासातलं गरम पाणी आपल्या चहाच्या मगात ओतलं, पावडर ढवळली आणि सगळं दूध उभ्यानं पिऊन टाकलं.

"नातवाचं त्याच्या आईला विचारा. मी हे पिते."

काकू आता पडतील की मग पडतील, अशा नजरेनं दोघी त्यांच्या तोंडाकडे टक लावून उभ्या राहिल्या. मग आजींनी कालचा डबा हळूच काउंटरवर ठेवला.

काकूंनी पैसे परत दिले. डबा फडक्यानं पुसला आणि नाव पुढे करून फळीवर ठेवला.