ट्रेमधला कागद

ईसीजी वाचायला शिकवायच्या वर्गाला अजून तासभर होता आणि मॅडमच्या पायांनी केव्हाच संप पुकारला होता. सकाळपासून ओपीडीत त्र्याण्णव पेशंट तपासून त्या दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत आल्या, टेबलाखाली चपला काढल्या आणि समोरच्या फाइलकडे नको असलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत राहिल्या.

फाइल गेल्या आठवड्यातल्या मृत्यूची होती. लिफ्ट दुरुस्त करणारा, बावन्न वर्षांचा माणूस. दाढ दुखतेय आणि घाम फुटतोय म्हणून तातडीच्या विभागात आला. सिस्टरने ईसीजी काढला. तो कागद डॉक्टरांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये चाळीस मिनिटं पडून राहिला आणि तेवढ्यात तो माणूस बसल्या खुर्चीवरून घसरला, तो पुन्हा उठला नाही. उशीर का झाला, हे मॅडमनी पाच वाजेपर्यंत लिहून द्यायचं होतं. अधीक्षकांनी सकाळी फोनवर तोडगाही काढून दिला होता.

"सिस्टरला कागद वाचता येत नव्हता असं लिहा आणि मोकळ्या व्हा. तिला परत लहान मुलांच्या वॉर्डात पाठवू. कुणाची नोकरी जायला नको, कुणाला त्रास नको."

माणूस वाईट नव्हता, आणि खरं सांगायचं तर मॅडमनाही ते पटलं होतं. दमलेल्या माणसाला सोपी वाट चटकन पटते. मुलगी रोज फोनवर म्हणायची, "आई, आता पुरे कर ना गं," आणि अलीकडे मॅडम तिच्याशी वाद घालायच्याही बंद झाल्या होत्या.

लिहायचं म्हणून त्यांनी फाइलमधला कागद बाहेर काढला. त्याची वरची कड मागे दुमडलेली होती. नखाने दाबून, अगदी नीट.

आता यातली गोम अशी, की मशीन आपला निकाल कागदाच्या त्याच कडेवर छापतं. ती कड आधी मागे दुमडा, स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, मग मशीन काय म्हणतंय ते बघा, हा मॅडमचा पहिला धडा. त्यावरून नर्स त्यांना पाठीमागे घडीबाई म्हणायच्या आणि हे त्यांच्या कानावर कधीच आलेलं होतं. डॉक्टर मंडळी मान डोलवायची आणि खाली जाऊन खुशाल मशीनचं वाचायची. घडी घालणारं तिथे कुणी असेल असं मॅडमना वाटलं नव्हतं.

त्यांनी घडी उलगडली. मशीनने 'नॉर्मल' छापलं होतं. नॉर्मल कसलं डोंबलाचं! तीन ठिकाणी रेघ जराशी वर उचललेली, आणि समोरच्या बाजूला तेवढीच खाली दबलेली. अटॅकची खूण बारीक होती, पण होती. ज्या बाईला वाचताच येत नाही ती घडी कशाला घालेल?

त्यांनी सिस्टरला वर बोलावलं. चाळिशीची बाई, मोजकं बोलणारी, लहान मुलांच्या वॉर्डातून वर्षापूर्वी इथे आलेली. बसा म्हटलं तरी ती उभीच राहिली.

"ही घडी तुम्ही घातलीत?"

"हो."

"म्हणजे कागद वाचलात. दिसलं होतं?"

सिस्टर म्हणाली, "दिसलं होतं, मॅडम."

"अहो, मग हाक का नाही मारलीत? डॉक्टर पडद्याच्या पलीकडे होते. दहा पावलांवर!"

"ते टाके घालत होते. मशीन नॉर्मल म्हणत होतं. वाटलं, आपलंच चुकत असेल. मागच्या वेळेसारखं."

"कुठल्या मागच्या वेळेसारखं?"

सिस्टरने खाली फरशीकडे बघितलं, आणि मॅडमना आठवलं. दीड महिन्यापूर्वीचा वर्ग. एका धडधाकट तरुणाचा कागद होता. काही तरुणांची रेघ मुळातच जरा वर असते, ती त्यांची ठेवण असते. सिस्टरने पहिल्यांदाच हात वर केला होता आणि अटॅक म्हणाली होती. तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "वा सिस्टर! सकाळी फुटबॉल खेळून आलेल्या पोराला तुम्ही थेट वरच पाठवलंत की!" वर्ग पोट धरधरून हसला होता. मॅडमना तो विनोद चांगला जमल्यासारखाही वाटला होता.

"मॅडम, एक विनंती आहे," सिस्टर म्हणाली. "मला कळलं नाही, असंच लिहा. घरी सासूबाईंना, मुलांना मी तेच सांगितलंय. कळत नव्हतं, एवढं लोक समजून घेतात. कळत होतं आणि मी गप्प बसले, हे घेऊन मी घरी कशी राहू?"

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. ती गेल्यावर त्यांनी पेन उघडलं आणि पहिली ओळ लिहिलीसुद्धा: कागद काढणाऱ्या परिचारिकेस वाचनाचा पुरेसा सराव नव्हता. अधीक्षकांचं भागत होतं, सिस्टरचं भागत होतं, त्यांचं स्वतःचंही भागत होतं. ज्याचं भागलं नव्हतं तो बोलायला येणार नव्हता. त्यांना स्वतःची शिसारी आली, पण उठून काही करण्याइतकं त्राण नव्हतं.

तीन वाजता वर्ग भरला. नजरेतून सुटलेला प्रत्येक कागद नाव झाकून वर्गात दाखवायचा, हा नियम त्यांचाच. म्हणून त्यांनी तो कागद पडद्यावर लावला आणि विचारलं, "काय दिसतंय?"

अकरा जण बसले होते. अकराही माना वह्यांत. नवा डॉक्टर शेजारच्याच्या वहीत डोकावत होता. एक नर्स पेनाचं टोपण काढत होती, घालत होती. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, असं मॅडम वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आल्या होत्या. आज त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार मिनिटं झाली. तेवढ्या वेळात हृदय थांबलेला माणूस हातचा जातो, हे त्यांनीच या सगळ्यांना शिकवलं होतं. ही शिस्त नव्हती. सगळ्यांची पाचावर धारण बसलेली होती, आणि ती त्यांच्या जिभेने बसवली होती.

शेवटच्या बाकावरून सिस्टर उठली.

"अटॅक आहे," ती म्हणाली. "हा मीच काढलेला कागद आहे. मला त्या दिवशीही दिसलं होतं."

वर्गाने माना वळवल्या. मॅडमच्या तोंडाशी 'बसा' आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"आणि हाक का मारली नाहीत, ते सांगा."

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मॅडमकडे बोट दाखवण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

"त्या नाही सांगणार," मॅडम वर्गाकडे वळून म्हणाल्या. "मी सांगते. मी त्यांना तुमच्यासमोर हसले होते म्हणून." त्यांनी पडद्यावरचा कागद काढून घेतला. "यापुढे कागद ट्रेमध्ये ठेवायचा नाही. डॉक्टरांच्या हातात द्यायचा. डॉक्टर कामात असले तरी द्यायचा, आणि शंका असेल तर मला बोलवायचं. चुकलात तर मी दोन जिने उतरून येईन, बघेन आणि परत वर जाईन. माझे गुडघे दुखतील, एवढंच होईल."

कुणी हसलं नाही. वर्ग त्यांनी लवकर सोडला.

खोलीत येऊन त्यांनी पहिलं पान फाडलं आणि दुसऱ्यावर सगळं जसं घडलं तसं लिहिलं. सिस्टरला दिसलं होतं. ती बोलली नाही, कारण चुकण्याची भीती माझ्या वर्गाने तिला घातली. खाली सही. अधीक्षक कपाळाला हात लावणार होते, लावोत.

पाचला दहा कमी असताना अधीक्षकांकडे फाइल द्यायला दोघी जिना उतरू लागल्या. मॅडम कठड्याला धरून, एकेक पायरी. सिस्टर फाइल घेऊन त्यांच्या मागे.

"मॅडम, नोकरी जाईल का?"

"माहीत नाही. माझीही जाऊ शकेल."

मधल्या वळणावर सिस्टर थांबली.

"मी हाक मारली असती, तर तो वाचला असता का?"

असल्या प्रश्नाला द्यायची उत्तरं मॅडमकडे ढिगाने होती. सांगता येत नाही. दैवाच्या गोष्टी. स्वतःला दोष देऊ नका. आयुष्यभर ती त्यांनी कितीतरी नातेवाइकांना दिली होती. त्या भिंतीला टेकल्या आणि सिस्टरच्या हातातली फाइल त्यांनी स्वतःकडे घेतली.

"हो," त्या म्हणाल्या. "बहुतेक वाचला असता."